सुरीचा सुरा कोण करतं?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

मराठीत 'सुरी' म्हटलं की कांदा डोळ्यांसमोर येतो आणि 'सुरा' म्हटलं की रक्त. पोलाद तेच, मूठ तीच, कदाचित कारखानाही तोच. वेलांटी गेली आणि काना आला, एवढाच फरक. ज्या हत्याराने आजी काकडी कोचवते त्याला आपण स्त्रीलिंगी, लहानखुरं नाव दिलं. ज्याची भीती वाटते त्याला पुल्लिंगी आणि मोठं. आज तासभर मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या कान्याबद्दल. तो आपोआप लागत नाही. कोणीतरी तो लावतं, आणि बऱ्याचदा त्या कामाचे पैसे घेऊन लावतं.

मी हे ठामपणे म्हणतो, कारण ते काम मी केलेलं आहे. मुंबईत वीसएक वर्षं मी जाहिरातींची कॉपी, म्हणजे मजकूर, लिहिली. एकदा आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांच्या सेटचं काम आलं. लाकडी ठोकळा, त्यात खोचलेल्या पाच सुऱ्या, आणि एक गृहिणी त्यातली सगळ्यात मोठी सुरी उपसून टोमॅटो कापते, अशी वीस सेकंदांची फिल्म होती. एडिटिंगच्या खोलीत ती सुरी बाहेर आली तेव्हा स्पीकरमधून आवाज आला, 'शिंऽऽग'. तुम्हा सगळ्यांना तो पाठ आहे. सिनेमात म्यानातून तलवार निघते तेव्हाचा तो आवाज. आज घरी गेल्यावर करून बघा, लाकडातून सुरी काढताना असा आवाज येत नाही. आलीच तर थोडी खसखस येते. मी म्हटलं, हा काढून टाका. साउंडवाला म्हणाला, काढला तर सुरी बोथट वाटते. दोन्ही फिल्म क्लायंटला दाखवल्या, आवाजाची आणि बिनआवाजाची. त्यांनी लगेच आवाजाची निवडली, आणि तीच टीव्हीवर गेली.

साउंडवाल्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला नंतर कळलं. धार डोळ्यांना दिसत नाही, पडद्यावर तर मुळीच दिसत नाही. मग ती ऐकवावी लागते, आणि धारेचा जो एकच आवाज आपल्या कानात बसला आहे तो मारामारीचा आहे. भाजी चिरायची सुरी विकण्यासाठी आम्ही तलवार उसनी आणली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यातून हा विषय गेलेला नाही.

ही उसनवारी फार जुनी आहे. १९ सप्टेंबर १८२७ रोजी अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या एका वाळूच्या बेटावर, नॅचेझ गावासमोर, एक द्वंद्व झालं. द्वंद्व करणारे दोघेही धड राहिले, पण त्यांच्या बाजूने आलेली माणसं आपापसांत भिडली. त्यात जेम्स बोवी नावाच्या माणसाने, स्वतः गोळ्या आणि वार झेलून, मोठ्या चाकूने समोरच्याला ठार केलं. वर्तमानपत्रांनी ती हकिगत गावोगाव पोचवली. लोकांना बोवीसारखा चाकू हवासा झाला. बोवीचा मूळ चाकू नेमका कसा दिसायचा यावर जाणकार आजही भांडतात, पण बाजार त्यासाठी थांबला नाही. अटलांटिकपलीकडे, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारखान्यांनी अमेरिकेसाठी ढिगाने 'बोवी चाकू' बनवले. मुठीच्या टोकाला अर्धा घोडा आणि अर्धी मगर असा प्राणी, पात्यावर कोरलेली घोषवाक्यं. एका जातीच्या पात्याला नाव होतं 'अर्कान्सॉ टूथपिक', म्हणजे अर्कान्सॉची दातकोरणी. हातभर पात्याला दातकोरणी म्हणण्यात जी मग्रुरी आहे, तीच गिऱ्हाईक विकत घेत होतं.

पुढचं बघा. १८३७ मध्ये अलाबामा राज्याने बोवी चाकूच्या विक्रीवर शंभर डॉलरचा कर बसवला. त्या काळी ही रक्कम जवळजवळ बंदीसारखीच होती. त्या कायद्यात चाकू ओळखायचा तो आधी नावाने, 'बोवी चाकू' किंवा 'अर्कान्सॉ टूथपिक' असा, आणि मग आकाराने किंवा मापाने त्यांच्यासारखा दिसणारा. विकणाऱ्याने ठेवलेलं नाव सरकारने जसंच्या तसं उचललं. भीती दाखवून माल खपवणारा एक शब्द दहा वर्षांत कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला.

आता विसाव्या शतकात येऊ या, कारण तिथे हा प्रकार सगळ्यात स्वच्छ दिसतो.

खटका दाबला की पातं बाहेर येणारा चाकू, ज्याला अमेरिकेत स्विचब्लेड म्हणतात. या जातीच्या चाकूंचा अमेरिकेतला मोठा कर्ता जॉर्ज श्रेड. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने असे चाकू बाजारात आणले. श्रेड कंपनी ते कोणत्या नावाने विकायची? 'सेफ्टी पुश बटन नाइफ'. सेफ्टी! घडीचा साधा चाकू उघडताना नख पात्याच्या खाचेत अडकवावं लागतं, नख मोडतं, बोट घसरतं. इथे नख मोडायची भीती नाही. एका हाताने उघडतो, आणि खिशात आपोआप उघडू नये म्हणून खटक्याला अडसर आहे. एका हातात दोर, जनावर किंवा फांदी धरलेल्या माणसाच्या कामाची वस्तू. पन्नास वर्षं हा चाकू असाच विकला गेला आणि कोणी त्याला घाबरलं नाही. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीधारी सैनिकांनाही खटक्याचा चाकू मिळाला. छत्रीच्या दोऱ्यांत अडकलेल्या माणसाचा दुसरा हात मोकळा असतोच असं नाही.

युद्ध संपलं, सैनिक युरोपातून परतले आणि येताना इटलीचे बारीक, लांब, सुईसारखे स्टिलेटो घेऊन आले. मानियागोसारख्या गावांतले कारागीर ते बनवत. हे चाकू दोर कापायला फारसे उपयोगाचे नाहीत. ते दिसतात मात्र देखणे. आयात करणारे आणि टपालाने माल पाठवणारे विक्रेते यांना ते फार आवडले, कारण त्यांच्या जाहिरातीला सोय सांगावी लागत नव्हती, नुसतं चित्र पुरे होतं. मासिकांच्या मागच्या पानांवरून ते थेट पोरांपर्यंत पोचले. मग नोव्हेंबर १९५० मध्ये 'वुमन्स होम कंपॅनियन' या गृहिणींच्या मासिकात जॅक हॅरिसन पोलॅक यांचा लेख आला. मथळ्याचा अर्थ होता, 'जीव घेणारं खेळणं'. पाठोपाठ हॉलिवूडने जाकीट घातलेल्या, केस मागे वळवलेल्या पोरांच्या हातात तोच चाकू दिला. पातं बाहेर येतानाचा तो 'खट्' सिनेमाला फार सोयीचा होता. हातात काही नव्हतं, आता आहे, आणि हे कळायला संवाद लागत नाही.

विक्रेता, पत्रकार आणि सिनेमावाला या तिघांनी वेगवेगळ्या कारणांनी एकच चित्र रंगवलं. एकाला माल खपवायचा होता, दुसऱ्याला आयांना सावध करायचं होतं, तिसऱ्याला तिकिटं विकायची होती. माझ्या मते सावध करणाऱ्यानेही त्या चाकूची जाहिरातच केली. पंधरा वर्षांच्या पोराला 'हे फार भयंकर आहे' असं सांगण्यापेक्षा मोठी शिफारस कोणती असते? १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला. १२ ऑगस्ट १९५८ रोजी संघराज्याचा स्विचब्लेड कायदा आला आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात अशा चाकूंचा व्यापार बंद झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटनने फ्लिक नाइफवर, म्हणजे अशाच खटक्याच्या चाकूवर, बंदी घातली.

अमेरिकेच्या त्या कायद्यात एक अपवाद आहे. ज्या माणसाला एकच हात आहे, त्याला तीन इंचांपर्यंत पात्याचा खटक्याचा चाकू जवळ बाळगता येतो. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्याच्यापाशी थांबलो होतो. एवढ्या गदारोळात कोणाला तरी आठवलं होतं, की ही वस्तू मुळात एका हाताने काम करणाऱ्यासाठी आहे. श्रेडची जुनी जाहिरात त्या एका ओळीत जिवंत राहिली.

आता याच्या बरोबर उलट गोष्ट.

स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात कार्ल एल्सेनर याने १८८४ मध्ये चाकूंचा कारखाना काढला. १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला. शिपायाच्या त्या चाकूत पातं, डबा उघडायचं साधन, छिद्र पाडायचा टोच्या आणि बंदूक खोलायला स्क्रू-ड्रायव्हर होता. १२ जून १८९७ ला त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली, त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आला. आईच्या 'व्हिक्टोरिया' या नावात न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' मिसळून पुढे 'व्हिक्टोरिनॉक्स' नाव झालं. अधिकाऱ्यांच्या त्या चाकूचं जर्मन नाव उच्चारता येईना म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी त्याला सरळ 'स्विस आर्मी नाइफ' म्हटलं.

नावात आर्मी, जन्म बंदुकीच्या सोबतीने, गिऱ्हाईक सैनिक. आणि जगातला सगळ्यात निरागस चाकू हाच! मामा परदेशातून येताना भाच्याला तोच आणतो. माझ्या टेबलाच्या खणात एक आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या असेल. हे कसं झालं? या चाकूच्या जाहिरातीत पात्याला कधी एकटं उभं केलेलं नसतं. सगळी अवजारं पंख्यासारखी उघडून दाखवतात. कात्री, चिमटा, दातकोरणी (इथे खरीखुरी दातकोरणी), भिंग. त्या गर्दीत पातं हे एक अवजार होऊन जातं. मूठ लालभडक, वर पांढरा क्रॉस. लपवायची वस्तू कोणी एवढी लाल करत नाही. जाहिरातीच्या धंद्यात मी पाहिलेली ही सगळ्यात सुंदर कारागिरी आहे, आणि ती प्रामाणिकही आहे, कारण चाकू खरोखरच त्या कामांसाठी वापरला जातो.

तरी ती कारागिरीही एका दिवसात हलली. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानात पातं नेणं बंद झालं, विमानतळांवरच्या दुकानांतून हे चाकू गेले आणि कंपनीची विक्री झपाट्याने घसरली. २०२४ मध्ये तर कंपनीने सांगितलं, की आम्ही पातंच नसलेल्या खिशातल्या अवजारावर काम करत आहोत. शंभर वर्षांहून जास्त काळ जपलेला विश्वासही पात्याला पूर्ण धुऊन काढू शकला नाही.

यापुढची गोष्ट ब्रिटनची. तिच्यासाठीच मी हा विषय निवडला.

डिसेंबर १९९५ मध्ये लंडनमध्ये शाळेच्या दारात एका मुख्याध्यापकांचा चाकूने खून झाला. देश हादरला. त्यानंतरच्या वर्षांत जे कायदे झाले त्यांत १९९७ चा 'नाइव्ह्ज ॲक्ट' आहे. त्याच्या पहिल्या कलमात पात्याच्या लांबीबद्दल अवाक्षर नाही. कलम म्हणतं, चाकू लढाईला योग्य आहे असं सुचवून, किंवा हिंसेला चिथावणी मिळेल अशा रीतीने, कोणी तो विकायला मांडला तर तो गुन्हा आहे. ही सूचना चाकूला दिलेल्या नावातून होऊ शकते, वेष्टनावरच्या मजकुरातून होऊ शकते, जाहिरातीतून होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची.

माझ्यासारख्या कॉपी लिहिणाऱ्याने हे वाचलं की काय होत असेल, कल्पना करा. कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं, की पातं राहू द्या, आधी शब्द दाखवा. शब्द हे कृत्य आहे, आणि त्याचा हिशेब द्यावा लागेल. आमच्या धंद्याचा एवढा मान कोणी ठेवला नव्हता.

पण शब्दांवरचा कायदा किती पुरतो, हेही ब्रिटननेच दाखवलं. पुढच्या काळात 'झॉम्बी नाइफ' नावाचा प्रकार आला. भलंमोठं पातं, करवतीसारखे दाते, मुठीवर हिरवे-लाल रंग, पात्यावर 'झॉम्बी किलर'सारखी अक्षरं. झॉम्बी हा सिनेमातला प्राणी, तो मेलेलाच असतो, त्याला मारलं तर पाप नाही, असं ते सगळं खेळकर पांघरूण. ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांच्यावर बंदी आली. व्याख्या अशी होती, की धारदार कड हवी, दातेरी कड हवी, आणि हिंसा सुचवणारं चित्र किंवा शब्द हवा. विक्रेत्यांनी काय केलं असेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्यांनी शब्द पुसले. तेच पातं, तेच दाते, मूठ साधी काळी. आता तो बंदीत बसत नव्हता, आणि विकला जातच राहिला. शेवटी २४ सप्टेंबर २०२४ पासून नवी व्याख्या लागू झाली. त्यात शब्दांची अट नाही, आठ इंचांहून लांब पातं आणि त्याची ठरावीक ठेवण एवढं पुरतं. १ ऑगस्ट २०२५ पासून निन्जा तलवारींवरही बंदी आली.

२०१६ ते २०२४ ही आठ वर्षं मला फार बोलकी वाटतात. बंदी येण्याआधीच शब्दांनी त्या आकाराला एक अर्थ चिकटवला होता. अर्थ पक्का बसल्यावर शब्दांची गरज उरली नाही. नुसता आकारच बोलू लागला. पोरं पात्यावरचं वाचून तो घेत नव्हती, ती तो ओळखत होती. १९९७ च्या कायद्याने कॉपीरायटरला पकडलं, पण तोवर घोषवाक्य लोकांच्या डोक्यात छापून झालेलं असेल तर कोणाला पकडणार?

दरम्यान, इंग्लंडमध्ये धारदार हत्याराने होणाऱ्या खुनांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारं हत्यार कोणतं? झॉम्बी नाइफ नाही, निन्जा तलवार नाही. स्वयंपाकघरातली सुरी. २००५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातल्या तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं, की लांब आणि टोकदार सुऱ्यांची विक्रीच थांबवायला हवी. त्यांनी दहा नामवंत शेफना विचारलं होतं. लांब सुरीला टोक असणं अत्यावश्यक आहे असं एकानेही म्हटलं नाही. दृष्टी किती साधी आहे पहा! कापायला धार लागते, भोसकायला टोक लागतं. जखमा शिवणाऱ्या माणसांना ते रोज दिसत होतं. वर्तमानपत्रांनी मात्र हे फार हसण्यावारी नेलं. स्वयंपाकघरातल्या सुरीला कोणी खलनायक मानायला तयार नव्हतं.

कारण तिची निरागसताही आम्हीच घडवली आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत 'गिन्सू' नावाच्या सुऱ्यांची टीव्हीवर जाहिरात सुरू झाली. सुरी बनायची ओहायो राज्यात आणि नाव जपानी वाटेल असं बेतलेलं. जाहिरातीत ती पत्र्याचा डबा कापायची आणि लगेच टोमॅटोची पातळ चकती करायची. लाखो सेट खपले. पत्रा कापणारं पातं माणसाला काय करेल, हा विचार बघणाऱ्याच्या मनाला शिवत नाही, कारण शेवटी पडद्यावर टोमॅटो येतो. माझ्या त्या वीस सेकंदांतही शेवटी टोमॅटोच होता. आधी तलवारीचा आवाज, मग टोमॅटो. धाक दाखवायचा आणि लगेच पुसायचा.

आपल्याकडची विळी आठवा. पाय पाटावर ठेवून बसायचं, पातं जागेवर, भाजी हलते. ती उचलून कोणी रस्त्यावर नेत नाही. विळीवर हात कापले, अंगठे कापले, पण तिची दहशत कधी झाली नाही. तिची कधी जाहिरातही झाली नाही.

आपल्याकडे दहशत झाली रामपुरीची. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे कारागीर खटक्याचे चाकू बनवत. मुंबईच्या हिंदी सिनेमाने ते गुंडाच्या हातात दिले, इतके की 'रामपुरी' हा शब्द गावाचा राहिला नाही, हत्याराचा झाला. पात्याच्या लांबीवर निर्बंध आले आणि कारागिरांचा धंदा आटला. २०२३ मध्ये रामपुरात चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभा केला गेला, गावाची ओळख म्हणून. बनवणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरल्यावर!

आणि आता कोयता. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. माणसं मोजायचं ते माप आहे. तोच शब्द पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' म्हणून आला, आणि गेल्या काही वर्षांत शहरातल्या कित्येक पोरांना कोयता या शब्दाचा दुसरा अर्थ माहीत नाही. यात कोणत्याही कंपनीची जाहिरात नाही. पोरं मोबाइलसमोर कोयता फिरवतात, मागे गाणं लावतात, रील टाकतात. पोलीस त्यांना पकडून आणतात आणि त्या पकडल्याचीही बातमी फिरते. १९५० च्या अमेरिकेत तिघांनी मिळून जे केलं, ते इथे एक पोरगा फोनवर एकटा करतो. वीस वर्षं मी ज्या गोष्टीचा पगार घेतला, ती त्याला कोणी शिकवावी लागली नाही. आपल्या शस्त्र नियमांत शेतीसाठी आणि घरकामासाठी बनवलेल्या हत्यारांना सूट आहे, ती हत्यार कशासाठी आहे यावरून. पण ते कशासाठी आहे हे आता लोहार ठरवत नाही, रील ठरवतं.

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यात बातम्या आल्या, की कोयता विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाची ओळख नोंदवून ठेवावी असं पोलिसांनी सांगितलं आहे. मी त्यानंतर मुद्दाम रविवार पेठेत, बोहरी आळीत गेलो. एका दुकानात एक शहाळेवाला कोयता घेत होता. चाळीस-पंचेचाळिशीचा माणूस, उजव्या तळव्याला घट्टे पडलेले. दुकानदाराने आधारकार्ड मागितलं. त्याने काही न बोलता दिलं, वहीत सही केली. कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात आला, तेव्हा त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत काउंटरवर ठेवला.

"शेठ, अजून एक कागद लावा. हातगाडीपर्यंत चालत जायचंय."